सात छेद आठ

पाचवीच्या वर्गातल्या भिंतीवर धाकट्या बहिणीचा चेहरा चांगला दोन हात मोठा होऊन उमटला, तेव्हा ताई हातात खडू घेऊन दाराजवळ उभी होती. वर्ग तिचा होता, तास तिचा होता. गणितही तिचंच होतं. तेवीस वर्षं ती या शाळेत अपूर्णांक शिकवत आली होती. आणि आता पडदे ओढून काळोख केलेल्या त्याच खोलीत भिंगरी म्हणत होती, "मुलांनो, एक कागद घ्या बरं हातात."

भिंगरी हे घरचं नाव. लहानपणी ती एका जागी म्हणून बसत नसे, त्यावरून आईनं ठेवलेलं. ताईपेक्षा ती अकरा वर्षांनी लहान. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिनं आपल्या जेवणाच्या टेबलावर डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि गणिताचे छोटे छोटे पाठ चित्रित करायला लागली. ते तिनं खुल्या पाठांच्या एका संकेतस्थळावर ठेवून दिले. खुले म्हणजे अगदी सताड दार उघडं टाकल्यासारखे. कुठल्याही शिक्षकानं उचलावेत, फुकट वापरावेत, आपल्या वर्गाला सोयीचे बदल करावेत आणि पुन्हा तिथंच ठेवावेत. पाठाच्या जोडीला सरावाची उदाहरणं असायची. मुलांनी टॅबलेटवर उत्तर लिहिलं की बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल फुली, तिथल्या तिथं.

ताईच्या शाळेला त्या वर्षी एक प्रोजेक्टर आणि वीस टॅबलेट मिळाले. मुख्याध्यापक भलतेच खूश. शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, "पाठ शोधायला लांब जायला नको. सगळ्यांत उत्तम पाठ आपल्या मोठ्या बाईंच्या बहिणीचे आहेत. घरचाच मामला!" सगळ्यांनी वळून ताईकडे पाहिलं. ताई हसली. हसताना गाल दुखतात हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण तिथवर ठीक होतं. बहीण आहे, हुशार आहे, चार लोक तिला चांगलं म्हणतात, म्हणू देत. खरी कळ उठली ती वर्गात, त्या कागदापाशी.

भिंतीवरच्या भिंगरीनं कागद मधोमध दुमडला. अर्धा. पुन्हा दुमडला. पाव. आणखी एकदा. मग उलगडून आठ चौकोन दाखवत ती म्हणाली, "बघा, दुमडला की तुकडे वाढतात, कागद मात्र तेवढाच राहतो."

ताईच्या हातातला खडू मोडला.

कारण ते वाक्य तिचं होतं. भिंगरी नऊ वर्षांची होती, अपूर्णांकांपायी रोज रडायची आणि गणिताचं पुस्तक पलंगाखाली फेकायची. विशीतल्या ताईनं एकदा वर्तमानपत्राचा समास फाडून घेतला आणि तिच्यासमोर दुमडून दाखवला. कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या हट्टी पोरीला कसं समजवावं या विवंचनेत तिला तिचंच सुचलं होतं. तेच वाक्य, त्याच ठेक्यात, अगदी "मात्र" या शब्दावर तसंच थांबून, आता सहाशे शाळांमध्ये ऐकू जात होतं. पाठाखाली बारीक अक्षरात भिंगरीचं नाव होतं. ताईचं कुठंच नव्हतं.

"बाई, त्या तुमच्यासारख्याच बोलतात," पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"मी त्यांच्यासारखी नाही बोलत," ताई म्हणाली, आणि आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो हे तिचं तिलाच जाणवलं.

घरी गेलं तरी सुटका नव्हती. आई ताईकडेच राहायची. गुडघे गेलेले, डोळा अधू. तिची औषधं वेळच्या वेळी देणं, तिला धरून न्हाणीघरात नेणं, तिचे पाय चेपणं, सगळं ताईकडे. भिंगरी महिन्यातून दोनदा यायची, फळं आणायची, आईच्या गालाला गाल लावायची आणि तासाभरात भुर्रकन जायची. जाताना आईच्या मोबाइलमध्ये आपले नवे पाठ घालून द्यायची. आई दिवसभर तेच बघत बसे. तिला अपूर्णांकांशी काय देणंघेणं होतं? पण बघायची.

"किती गोड समजावते गं," आई म्हणाली. "मला आत्ता या वयात भागाकार कळला."

"मी तीस वर्षांपूर्वी समजावत होते, तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस," ताई म्हणाली.

ताईचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. माणूस सरळ, वाद टाळणारा. तो म्हणाला, "अगं, तुला अभिमान वाटायला हवा."

"वाटतोय ना!" ताईनं पातेलं असं काही आपटलं की त्यानं पुढचं वाक्य गिळून टाकलं.

वर्गात किल्लीवाल्याची मुलगी होती. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची, बाप बाजाराच्या तोंडाशी किल्ल्या करून द्यायचा. पोर गुणी, पण आकड्यांना बिचकणारी. फळ्यापाशी बोलावलं की तिचा घसा कोरडा पडे. टॅबलेट आल्यापासून ती कानात इअरफोनची ती बोंडं घालून एकच पाठ पाच-पाचदा ऐकायची. एक दिवस तिनं हात वर केला आणि अर्धं आणि पाव मिळून किती हे फटकन सांगितलं.

ताईला मनापासून आनंद झाला. "शाब्बास! कसं काय जमलं गं?"

"त्या बाईंना किती वेळा परत विचारलं तरी त्या चिडत नाहीत," मुलगी म्हणाली.

तिच्या मनात काही नव्हतं. पण वर्ग खदखदून हसला आणि ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. हे बोलणं खोटं असतं तर तिनं हसण्यावारी नेलं असतं. ते खरं होतं, म्हणून जिव्हारी लागलं. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला की तिच्या नाकपुड्या फुलतात हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात सूचनाफलकावर भिंगरीचा फोटो लागला. शहरातल्या सगळ्या शिक्षकांचा मेळावा होता आणि त्यात भिंगरी खुले पाठ कसे करावेत ते दाखवणार होती. "आपल्या सर्वांना अभिमानास्पद" असं मुख्याध्यापकांनी स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलं होतं. फलक नेमका शिक्षक-खोलीच्या दाराशी. ताईला दिवसातून आठ वेळा बहिणीच्या फोटोखालून जावं लागे. फोटोत भिंगरीनं ताईनंच दिलेले कानातले घातले होते.

शुक्रवारी मधला तास ताईला मोकळा होता. ती संगणक-खोलीत गेली. कशाला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. संगणकाचे सर चहाला गेले होते. ते पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. शाळेत वर्षभराच्या नेमणुकीवर आलेले, चाळिशीचे, कमी बोलणारे. समोरच्या पडद्यावर संकेतस्थळ उघडंच होतं. शाळेचं एकच खातं होतं, सगळ्यांना मिळून, आणि ते सरच सांभाळायचे.

ताईनं भिंगरीचा अपूर्णांकांचा पाठ काढला. पाहायचं म्हणून. खाली सरावाची सहा उदाहरणं होती. पहिली पाच सारख्या छेदांची, सोपी. सहावं मात्र पहिल्यांदाच वेगळ्या छेदांचं: तीन छेद चार अधिक एक छेद आठ. उत्तर सात छेद आठ. बाजूला एक लहानसं बटण होतं, त्यावर लिहिलं होतं, "बदल करा".

खुलं म्हणजे इतकं खुलं! तिनं बटण दाबलं. उत्तराची चौकट उघडली. तिनं सात छेद आठ पुसलं आणि चार छेद बारा लिहिलं.

अंशात अंश मिळवायचा आणि छेदात छेद. ही चूक तेवीस वर्षांत तिनं हजारो वह्यांमधून लाल शाईनं खोडली होती. नवशिकी पोरं करतात ती चूक. तीच मेळाव्यात मिरवणाऱ्या बाईंच्या पाठात सापडली तर? एखादा शिक्षक दिवसाभरात पाहील, हसेल, बाईंना कळवेल. बस, इतकंच. जरा नाक खाली येईल. आपल्या शाळेत तर पाठ आधीच उतरवून ठेवलेत, इथल्या मुलांना काही होणार नाही, असंही तिनं मनाशी म्हणून घेतलं. आणि "जतन करा" दाबलं.

त्यानंतर तिनं सहावीचा तास घेतला आणि तो, नवल म्हणजे, फार छान झाला.

संगणकाचे सर दर सोमवारी सगळे पाठ नव्यानं उतरवून घेतात, म्हणजे कुणी काही सुधारणा केली असेल तर मुलांपर्यंत पोचावी, हे तिला माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

मंगळवारी शिक्षक-खोलीत चहा चालला असताना भूगोलाच्या बाईंनी बातमी आणली. "मोठ्या बाई, तुमच्या बहिणीच्या पाठात घोळ झालाय म्हणे. दोन शाळांतून तक्रार आली. साधी बेरीज चुकलीय!"

"अगंबाई, खरंच?" ताई म्हणाली. आवाज अगदी बेमालूम निघाला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला इतकं बरं वाटलं, की चहात साखर कमी आहे हेही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी आई तोंड उतरवून बसली होती. "भिंगरीचा फोन आला होता. रडत होती. मेळाव्यात तिला बोलू द्यायचं की नाही यावर खल चाललाय म्हणे. एवढ्या आकड्यावरून? तिच्या हातून असं कसं झालं गं?"

"होतं कधीकधी. घाई नडते," ताई म्हणाली. तिनं आईचं ताट वाढलं, स्वतःचं वाढलं, आणि नेहमीपेक्षा दोन घास जास्तच जेवली.

बुधवारी पाचवीच्या वह्या तपासायच्या होत्या. पहिल्या पंधरा वह्या बऱ्या होत्या. या मुलांची गाडी अजून सहाव्या उदाहरणापर्यंत आलीच नव्हती. सोळावी वही किल्लीवाल्याच्या मुलीची. तिनं पुढं जाऊन घरी आपणहून दहा उदाहरणं केली होती, प्रत्येकाखाली पट्टीनं रेघ मारून, सुरेख अक्षरात. दहाच्या दहा चूक. अंशात अंश, छेदात छेद.

ताई वही घेऊन तिच्या बाकापाशी गेली. "हे काय केलंस? तुला तर येत होतं."

"ते असंच असतं बाई."

"कुणी सांगितलं?"

"टॅबलेटवरच्या बाईंनी." मुलीनं मान खाली घातली. "मी आधी सात छेद आठच लिहिलं होतं. फुली आली. पुन्हा लिहिलं, पुन्हा फुली. चार वेळा आली. मग मी वेगवेगळं लिहून बघितलं, तेव्हा चार छेद बाराला हिरवी खूण आली. म्हणजे ते कागदाचं मला कळलंच नव्हतं ना."

"कळलं होतं गं तुला. तुझं बरोबर होतं."

"नाही बाई. त्या खोटं कशाला सांगतील?" ती अगदी शांतपणे म्हणाली. "मला गणित येतच नाही."

ताईला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात शिपाई आला. मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत संगणकाचे सर टेबलासमोर उभे होते. त्यांना बसायला सांगितलेलं दिसत नव्हतं. ताईला मात्र मुख्याध्यापकांनी उठून खुर्ची दिली.

"बाई, मला तुमची माफी मागायची आहे," ते म्हणाले. "त्या पाठात तुमच्या बहिणीची चूक नव्हतीच. संकेतस्थळवाल्यांनी बदलांची नोंद तपासली. शुक्रवारी मधल्या वेळेत उत्तर बदललं गेलं, आणि तेही आपल्या शाळेच्या खात्यावरून! इथून तुमच्या घरच्या माणसाची बदनामी झाली, याची मला लाज वाटते." मग ते सरांकडे वळले. "काल संध्याकाळपासून विचारतोय. खातं तुमच्याकडे असतं. दुसऱ्या कुणाकडे नसतं."

"मी चहाला गेलो होतो," सर म्हणाले. "उघडं राहिलं. ती माझी चूक. पण उत्तर मी बदललं नाही. मी कशाला बदलू?"

"ते तुम्ही सांगा. पुढच्या महिन्यात तुमच्या नेमणुकीचा विचार व्हायचा आहे, हे लक्षात ठेवून सांगा."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. ताई खुर्चीत बसून होती. एक शब्द बोलली नसती तरी चाललं असतं. तिच्यावर कुणाचा संशय नव्हता. उलट सहानुभूती होती. तिला वाटलं, आता कुणीतरी आत यावं, फोन वाजावा, घंटा व्हावी. काही झालं नाही.

"सर, त्यांना जाऊ द्या," ती म्हणाली. "ते मी केलं."

मुख्याध्यापक हसले. तिला सरांची दया आली असावी असं त्यांना वाटलं. "बाई, तुमचं मन मोठं आहे, पण—"

"मोठं बिठं काही नाही. मीच केलं. शुक्रवारी, बारा वाजून दहा मिनिटांनी. मला बघवत नव्हतं तिचं."

मग संगणकाचे सर रुमाल खिशात घालून दाराकडे गेले. तिथं थांबून म्हणाले, "बाई, तुम्ही कालच बोलला असतात तर काल रात्री माझ्या घरी सगळे जेवले असते." आणि गेले.

मुख्याध्यापकांनी जे करायचं ते केलं. संकेतस्थळाला आणि त्या दोन शाळांना ताईच्या सहीचं पत्र गेलं. सहामाहीपर्यंत पाचवीचं गणित तिच्याकडून काढून घेतलं. ताईनं एका शब्दानं हुज्जत घातली नाही. एवढंच म्हणाली, "एका मुलीला शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास द्यायची परवानगी द्या. ते मी बिघडवलंय."

रविवारी भिंगरी आली. फळं आणली नव्हती. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"मला आधी वाटलं माझंच चुकलं," ती म्हणाली. "दोन दिवस मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. शंभर पाठांची उत्तरं पुन्हा तपासली. शंभर! का केलंस, ताई?"

"ते कागदाचं तू माझ्याकडून शिकलीस."

भिंगरीला क्षणभर अर्थबोधच झाला नाही. "कुठलं कागदाचं?"

"दुमडला की तुकडे वाढतात."

"अगं, ते—" भिंगरी थबकली. "ते आपल्या घरातलं आहे. वेणी कशी घालायची, बटण कसं लावायचं, तसं. त्याच्यावर काय नाव घालायचं?"

"घरातलं नव्हतं. माझं होतं."

"मग मला सांगायचंस!"

"काय सांगू? तुझ्या पाठाखाली माझं नाव घाल म्हणून भीक मागू? तू मला विचारलंस तरी का कधी? तू येतेस, आईच्या गालाला गाल लावतेस, आणि जातेस. मग तिला रात्रंदिवस तुझं कौतुक सुचतं, आणि मी तिचे पाय चेपता चेपता ते ऐकते."

भिंगरीचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. "मला तोंडावर चार शब्द सुनावले असतेस तर चाललं असतं, ताई. मारलं असतंस तरी चाललं असतं. तू मुलांना चुकीचं शिकवलंस. तू! माझी वही तू फाडली होतीस, छेद न बघता बेरीज केली म्हणून."



आतून आईचा आवाज आला. "तिला कागद दुमडायला तूच शिकवलंस, ते काय मला ठाऊक नाही? मी दारात उभी राहून ऐकत होते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" ताई ओरडली.

"तू तुझं तुझं सगळं नीट करत होतीस. तुला कौतुक लागतं, हे मला कुठं ठाऊक?" आई म्हणाली. "आणि भांडायचं तर दार लावून भांडा, शेजारी ऐकतायत."

कुणालाच हसू आलं नाही. भिंगरी चहा न घेता गेली.

शाळा सुटल्यावर ताई आणि किल्लीवाल्याची मुलगी रिकाम्या वर्गात बसायला लागल्या. पहिल्याच दिवशी ताईनं सांगून टाकलं. "तुझं उत्तर बरोबर होतं. त्या बाईंनी खोटं सांगितलं नव्हतं. फुली मी टाकली होती."

"का?"

"मला राग आला होता."

"माझा?"

"नाही गं. माझ्या बहिणीचा."

मुलीनं बराच विचार केला. "मला पण येतो माझ्या बहिणीचा. मी तिची कंपास लपवते."

"मग परत देतेस?"

"ती रडायला लागली की देते."

ताईनं वही उघडली. काम सोपं नव्हतं. मोडलेला विश्वास उत्तर बरोबर आलं म्हणून लगेच जुळत नाही. मुलगी प्रत्येक उत्तरानंतर ताईच्या तोंडाकडे बघायची, आता फुली येते की काय म्हणून. दर बेरजेला छेद सारखे का करायचे, हा एकच प्रश्न तिनं पहिल्या तीन दिवसांत अकरा वेळा विचारला. पाचव्या वेळी ताईच्या नाकपुड्या फुलल्या. मुलीनं ते पाहिलं. ताई उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायला लागली. नवव्या दिवशी मुलीनं सात छेद आठ लिहिलं आणि वर न बघता पुढच्या उदाहरणाला हात घातला. ताईला त्या दिवशी घरी चालत जाताना अंतर जाणवलंच नाही.

भिंगरी मात्र दोन महिने बोलली नाही. आईला फोन करायची आणि ताईनं उचलला की म्हणायची, "आईला दे." मेळावा पुढं ढकलला गेला होता. संगणकाच्या सरांची नेमणूक झाली. तेही ताईशी कामापुरतंच बोलत. एक दिवस ती संगणक-खोलीच्या दारावरून जात असताना त्यांनी हाक मारली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

भिंगरीच्या पाठाखाली एक नवी ओळ आली होती. "कागद दुमडून शिकवण्याची कल्पना माझ्या मोठ्या बहिणीची. तिनं मला असंच शिकवलं."

ताईनं ती तीनदा वाचली. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातूनच तिला दिसलं, की भिंगरीचं नाव ठळक अक्षरात आहे आणि ही ओळ बारीक. स्वतःचाच तिला असा राग आला की विचारू नका. एवढं सगळं झालं, तरी हे मेलं आत बसलेलंच!

"काय झालं, बाई?" सरांनी विचारलं.

"काही नाही. ओळ चांगली आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "सर, मला एक पाठ करायचाय. भागाकाराचा. तिचा भागाकार जरा घाईचा आहे. कॅमेरा धराल?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "धरतो. पण खातं तुमचं वेगळं उघडू. तुमच्या नावाचं."

तो पाठ चार वेळा बिघडला. कॅमेऱ्यासमोर ताई मुख्याध्यापकांना उत्तर देत असल्यासारखी ताठ उभी राहायची. शेवटी तिनं समोर किल्लीवाल्याच्या मुलीला बसवलं आणि तिला शिकवलं, तेव्हा कुठं जमलं. महिन्याभरात तेरा शाळांनी तो घेतला. भिंगरीचे सहाशेवर होते, आता सातशे झाले होते. ताई रोज सकाळी दोन्ही आकडे बघायची. बघायचे नाहीत असं ठरवूनही बघायची.

मग एका रविवारी भर दुपारी भिंगरीचा फोन आला. ताईनं सवयीनं आईकडे न्यायला उचलला.

"आईला नको. तुझ्याशीच बोलायचंय," भिंगरी म्हणाली. "मेळावा पुढच्या महिन्यात आहे. मला म्हणाले, आणखी कुणाला बरोबर घ्या. भागाकाराचा तुझा पाठ मी वर्गात लावला."

"मग?"

"मुलं तुझ्यावर खूश आहेत. मला म्हणाली, बाई, तुम्ही यांच्यासारखं हळू का नाही सांगत?" भिंगरीचा आवाज जरा कडवट झाला. "ऐकून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही."

ताईला हसू फुटलं. तोंडावर हात दाबून तिनं ते आवरलं, पण भिंगरीला ऐकू गेलंच असावं.

"हस तू," भिंगरी म्हणाली. "येणार आहेस का ते सांग."

"व्यासपीठावर दोघी बसणार?"

"दोघी."

"फोटो दोघींचा लागणार?"

"लावायला सांगते."

"आणि आधी कोण बोलणार?"

"मोठी तू आहेस," भिंगरी शेवटी म्हणाली. "तू बोल आधी."

"बरं," ताई म्हणाली आणि ऐटीत फोन ठेवला. आईच्या खोलीकडे दोन पावलं गेली असेल नसेल, तोच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की लोकांच्या लक्षात राहतो तो शेवटी बोलतो तो. तिनं फोन उचलला आणि भिंगरीचा नंबर पुन्हा लावला.